ठळक रेघ

“पुढचा कोन वाचा,” नकाशेवाले म्हणाले.

मी मोजणीच्या वहीचं पान उलटलं. “कोरं आहे.”

“नीट बघा, बाई.”

“चौथीपर्यंतच शिकले, पण कोरं पान कळतं मला.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. समोरच्या जुन्या नकाशात मात्र त्या जागी किनारा होता, ठळक शाईनं काढलेला.

इथं परदेशात, सेंगकांगला, ते आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायचे. मुलगा-सून कामाला चांगी बिझनेस पार्कला, माझी लेक जुरोंगला. दिवसभर दारं उघडी टाकून आम्ही आपापल्या घरात बसायचो. तरुणपणी परदेशी कंपनीत असताना त्यांनी पार उत्तरेकडच्या एका बेटाचा किनारा मोजला होता. तिथं झाडसुद्धा उगवत नाही म्हणे.

“मग राहायला कोण गेलं?” मी एकदा विचारलं.

“कोणी नाही. पक्षी आहेत.”

“पक्ष्यांना नकाशा कशाला?”

हसले नाहीत. त्या बेटाची थट्टा त्यांना चालायची नाही.

‘जे दिसलं नाही, ते तुटक रेघेनं काढायचं,’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य. घरात दूध आहे का विचारलं, तरी उठून फ्रिज उघडायचे, मगच हो म्हणायचे. सून वैतागायची.

त्या बेटाच्या खाडीजवळच्या एका ठळक रेघेवर विसंबून एक होडी किनाऱ्याला लागून गेली आणि खडकावर फुटली. ती रेघ आपण मोजून काढली होती की अंदाजानं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. पन्नास वर्षं मोजणीची वही उघडायचा धीर झाला नव्हता. आता नजर जात चालली होती. वहीतले आकडे मराठीत. नातू इथल्या इंग्रजीत म्हणाला, “कान्ट रीड लाह, आजोबा.” म्हणून मला बोलावलं.

चार दिवस मी आकडे वाचत होते. पाचव्या दिवशी ते कोरं पान आलं.

“धुकं होतं,” ते म्हणाले. “साहेबाला नकाशा पुरा हवा होता. मी किनारा अंदाजानं काढून दिला.”

समजूत घालणं मला जमत नाही. “मग आता नीट काढा,” म्हटलं. नवा कागद लावला, त्यांचं मनगट धरलं. तेवढा किनारा आम्ही तुटक रेघेनं काढला.

पुढच्या महिन्यात मुलानं त्यांना पुण्याला वृद्धाश्रमात ठेवलं. दिवाळीच्या आत गेले. माझ्या लेकीला ते फोनवर कळलं.

होडीची गोष्ट त्यांनी पुण्याला निघायच्या दिवशी पुरी केली. तीत तिघं होते. दोघांनी ती रेघ बघून होडी आत घेतली. तिसरे नकाशेवाले स्वतः. वाचले ते तेवढेच.