बधिर गाल

भूल देणाऱ्याला मार खावा लागतो, हे मुंबईला जाईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. ईथर डोक्यात गेलं की पुरता बेशुद्ध होण्याआधी माणूस पिसाळतो. शिव्या घालतो, लाथा झाडतो. पहिल्याच महिन्यात एका बाईनं टेबलावर पडल्या पडल्या माझ्या नाकावर असा ठोसा हाणला, की रक्ताची धार थेट कोटावर. आमचे सर म्हणाले, "छान. आता शिक्षण सुरू झालं." छान म्हणे! मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मी अमरावतीची, वकिलाची लेक. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नोकरीला होते. साठ सालानंतर कधीतरी कॅन्सरच्या रोग्यांना भूल देण्याचं आणि त्यांच्या वेदना थांबवण्याचं शिक्षण घ्यायला मला मुंबईला धाडलं. वडील भडकले. "मरणाऱ्याचं दुखणं थांबवून काय मिळवणार आहेस? बाळंतपणं शीक, चार लोक नाव तरी काढतील." मी हट्टी. गेलेच.

तिथे मी एक सुई शिकले. लांब, बारीक. गालातून आत घालायची, जबड्याच्या मज्जातंतूपर्यंत न्यायची आणि तिथे अल्कोहोल सोडायचं. तंतू जळतो आणि ती बाजू बधिर होते. पण जळताना जी आग होते, ती बघणाऱ्यालाही सोसत नाही. रोग्याला झोपवायचीही सोय नाही, कारण सुई नेमकी लागली का, हे त्यानंच सांगायचं असतं. हात दोरीनं बांधायला सर कधी देत नसत. घरच्या माणसाच्या हातात द्यायचे, हा त्यांचा नियम. बांधलेला माणूस घाबरतो आणि मान हलवतो, असं ते म्हणत.

अकोल्याला परतले तर पहिलाच रोगी आला तो कापसाच्या जिनातला कामगार. तंबाखूनं डावा गाल आणि जबडा खाल्लेला, ऑपरेशनची वेळ केव्हाच टळलेली. खाटेवर बसून तो हेल काढून ओरडे. नर्सच्या अंगावर त्यानं पेला फेकला होता. सोबत बायको होती, बाळापूरकडची. तिचा एक डोळा सुजून मिटलेला, एका हातात बांगडी म्हणून नाही.

"हे त्यानंच केलं ना?" मी विचारलं.

"तो नाई मारत बाई," ती म्हणाली. "आधी दारू मारे. आता दारू तोंडात जातच नाई, त सुटली. आता त्याचं दुखनं मारते." मग तिनं माझा कोट धरला. "दुखनं थांबलं त मार थांबन ना?"

तिला त्याच्या जगण्या-मरण्याचं काही विचारायचं नव्हतं. एवढंच हवं होतं. आणि मी, नवं शिकून आलेली, ठणकावून म्हणाले, "थांबेल."

त्याला टेबलावर घेतलं. हात बायकोच्या हातात दिले. सुई आत शिरली तशी त्यानं आईमाईवरून अशी सुरुवात केली, की अख्खा वॉर्ड दाराशी गोळा झाला. सुई तंतूला लागली, तसा तो कळवळून ओरडला, "तिथंच, तिथंच हाये!" मी अल्कोहोल सोडलं. अरे देवा! तो टेबलावर धनुष्यासारखा वाकला, आणि त्या ओरडण्याखाली मला कट् असा आवाज आला. बायकोचं बोट मोडलं होतं. तिनं ओठ आवळले, पण हात सोडला नाही.

मग तो हळूहळू गप्प झाला. जबडा चाचपून बोबडं बोलला, "गेलं." आणि तिथेच घोरायला लागला. मी तिच्या बोटाला काडी बांधत होते, तर ही बया हसत होती. "झोपला बाई," म्हणाली. मलाही हसू आलं. त्या दिवशी मी वडिलांना मनातून चांगलंच सुनावलं.

पुढच्या आठवड्यात ती त्याला घेऊन परत आली. तिचा ओठ फाटलेला होता, त्यावर रक्त वाळलेलं.

"इंजेक्शन उतरलं बाई. दुखून राह्यलं त्याले. पुन्हा द्या."

मी टाचणी घेतली. जबड्यावर टोचली, गालावर टोचली, रक्ताचा थेंब येईपर्यंत टोचली. त्याची पापणी हलली नाही.

"दुखतं?"

"काईच नाई. मस्त झोप लागते."

"मग हिला काहून मारलं?" माझ्या तोंडून घरची बोली निसटली, इतका मला संताप आला होता.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी. "पेजेत मीठ नोतं."

बायको पुढे आली. "खरंच दुखत नाई?"

"नाई म्हनलं ना."

तिनं चांगल्या हातानं, त्याच आजारी गालावर, सगळा जीव एकवटून थोबाडीत दिली. नर्स किंचाळली. त्याचं डोकं हललं, ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं, पण तोंड जसंच्या तसं. त्याला आवाज आला होता, मार लागला नव्हता. "काय झालं?" त्यानं मलाच विचारलं.

ती स्वतःच्या लाल झालेल्या तळहाताकडे पाहत राहिली आणि मग जी रडायला लागली! बोट मोडलं तेव्हाही तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"येवढ्या वर्सात एकडाव मारलं, अन् त्याले लागलंबी नाई," ती म्हणाली. "बाई, ते इंजेक्शन काढता येते का?"

जळलेला तंतू पुन्हा जागा व्हायला महिने लागतात, आणि त्याच्याजवळ तेवढे उरले नव्हते.

"नाही," मी म्हणाले.

तिनं पदरानं डोळे पुसले, गाठोडं काखेत मारलं आणि बाळापूरच्या मोटारीकडे चालू लागली. तो बाकावर बसून तिच्या मागून ओरडत होता, "पानी आन म्हनतो ना!"