रोकडे सरांची शुक्रवारची बासरी

काशिनाथ रोकडे सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या आरडाओरड्यामुळे. मी शाळेत नुकतीच भूगोल शिकवायला लागले होते. भिवंडीतल्या आमच्या शाळेच्या तिन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. खिडक्या उघडल्या तर शिकवलेलं ऐकू येत नाही आणि लावल्या तर मुलं घामाने भिजतात. त्या दिवशी सातवीला मी व्यापारी वारे शिकवत होते, म्हणजे खरं तर लूमशी भांडत होते. तास संपवून बाहेर आले तर दारात पी.टी.चे सर उभे. उंच, सडसडीत, गळ्यात शिटी. त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "काय काझी मॅडम, हरला का लूम?" पहिल्याच आठवड्यात कुणी माझी चेष्टा करावी, हे मला सहन होणारं नव्हतं. "हरवीन की," मी फणकाऱ्याने म्हटलं. सर हसले नाहीत. "हरवा. पण तोवर गळा टिकला पाहिजे," एवढंच बोलून ते मैदानाकडे निघून गेले.

ते सर आता पंचाहत्तरीचे होत आहेत, आणि त्यांच्या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याविषयी लिहावं असं समितीने मला सांगितलं आहे. मी आनंदाने लिहिते आहे. परंतु हा ग्रंथ निघणार हे कळल्यापासून बाजारात, विहारात, दवाखान्यात भेटणारा प्रत्येक जण मला कार्याविषयी काहीच विचारत नाही. सगळे एकच विचारतात, "समारंभात सर वाजवणार का?" सरांनी सत्काराला होकार दिला तो या अटीवर की त्यांना कुणी बासरी वाजवायचा आग्रह करायचा नाही. असं का, हे सर्वांना ठाऊक नाही. ते सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

सरांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. सरांनी मात्र बासरी धरली, आणि ती कुणाच्या वरातीत कधी नेली नाही. शाळेत ते मुलांना धावायला, कवायत करायला शिकवत. आणि शुक्रवारी संध्याकाळी बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत ज्याला हवं त्याला बासरी शिकवत. वार शुक्रवारच का, हे भिवंडीकराला विचारावं लागत नाही. त्या दिवशी लूम बंद असतात. जुम्म्याची नमाज आटोपून आमच्या मोहल्ल्यातली माणसं येत, सुट्टी मिळालेले कारागीर येत, विहाराच्या आसपासच्या वस्तीतल्या मुली येत. सर्वांना एकाच चटईवर बसवून सर पहिला पाव तास कुणाला बासरीला हात लावू देत नसत. "आधी श्वास नुसता बघा. येतोय, जातोय. त्याला ढकलू नका," असं ते सांगत. आजही तो नियम तसाच आहे.

या नियमामागे सरांचं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे. आपण भिवंडीची माणसं लूमच्या आवाजावर मात करत बोलायला शिकलेली. घरातसुद्धा आपण मीठ मागतो ते पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं. तीच सवय बासरीवर येते. नवा माणूस बासरी ओठाला लावतो आणि चूल पेटवायची असल्यासारखा जीव खाऊन फुंकतो. बासरी एक तर किंचाळते नाही तर गप्प बसते. सर म्हणत, "इथे आज कुणाला हरवायचं नाहीये. लूम बंद आहेत."

मी या वर्गात गेले ती हौसेने नव्हे. नोकरीला काही वर्षं झाल्यावर माझा गळा खरोखरच बसला. दुपारनंतर तोंडातून शब्दाऐवजी खरखर निघे. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलं आणि असंच ओरडत राहिलात तर शिकवणं सोडावं लागेल, अशी तंबीही दिली. मी शिक्षकांच्या खोलीत रडवेली बसले होते. सर म्हणाले, "डॉक्टर सांगतात ते सगळं करा. ते झालं की शुक्रवारी या." मी म्हटलं, "सर, आहे तेवढी हवा माझ्याकडे वर्गालाच पुरत नाही. बासरीला कुठून आणू?" त्यावर त्यांचं उत्तर होतं, "हवा पुष्कळ आहे. तुम्ही ती गळ्यातून वापरता. पोटातून वापरायची."

पोटातून श्वास घेणं ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. मला ती जमायला एक सबंध पावसाळा लागला. पोटावर हात ठेवायचा, खांदे खाली सोडायचे, पाठ ताठ पण आखडलेली नको, श्वास खालून भरायचा आणि धाग्यासारखा बारीक सोडायचा. सर मागून येत आणि नुसतं म्हणत, "खांदे." माझे खांदे कानाला लागलेले असत. हळूहळू ते उतरले. आणि एके दिवशी वर्गात हिमालयाविषयी सांगताना माझ्या ध्यानात आलं की मी ओरडत नाहीये, आणि शेवटच्या बाकावरची मुलगी मान डोलावते आहे. मी हळू बोलायला लागल्यावर मुलं ऐकायला गप्प बसू लागली होती. निवृत्तीपर्यंत मी शिकवलं ते त्या आवाजावर. माझी भाकरी सरांनी वाचवली असं मी म्हणते, तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही.

तरी बासरी म्हणजे औषध, असं कुणी म्हटलेलं सरांना खपत नाही. रामनरेश नावाचे एक कारागीर वर्गात येऊ लागले. उमेदीचं सगळं आयुष्य लूमवर गेलेलं, छातीत कापसाची धूळ, दोन जिने चढले की दम लागे. सरांनी त्यांना पहिल्या दिवशी परत पाठवलं. छातीच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांनी परवानगी दिल्यावरच चटईवर बसू दिलं. रामनरेशभाईंचा दम बासरीने गेला नाही. दमाची भीती मात्र गेली. श्वास अडखळला की पूर्वी ते घाबरून आणखी हवा ओढत. आता ते थांबतात, ओठ बारीक करतात, हळू सोडतात. पण त्यांना स्वतःला विचारलं तर ते छातीचं नावसुद्धा काढत नाहीत. ते म्हणतात, "मॅडमजी, शिफ्ट के बाद कारखाने का लूम बंद होता था, दिमाग वाला चलता रहता था. नींद कहाँ से आती? बाँसुरी लेके बैठता हूँ तो वो भी बंद हो जाता है." बासरी वाजवताना माणसाला दुसरा विचार करायला जागाच उरत नाही. बोटं, ओठ, श्वास आणि कान, चौघांनाही एकाच वेळी कामाला लागावं लागतं. मनाला यापेक्षा चांगली सुट्टी मला माहीत नाही.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझे पती अचानक गेले, तेव्हा काही आठवडे मला बसल्याजागी गुदमरल्यासारखं होई. माणसं येत, चांगलंच बोलत, आणि मला कुणाचंच ऐकू येत नसे. सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आल्या. वहिनी सरळ आत माझ्या सुनेकडे गेल्या. सरांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. म्हणाले, "एकच स्वर. सा. जेवढा टिकेल तेवढा. तुटला की पुन्हा." त्या बैठकीत माझा सा दर वेळी रडण्याने तुटत होता आणि सर दर वेळी शांतपणे "पुन्हा" म्हणत होते. घरात शोक असताना बासरी वाजवली म्हणून कुणी काय म्हणेल, याची मला भीती होती. माझ्या सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाजव गो. साँस तरी घेतेस." सरांचे उपकार मोजायला मी कधी बसले नाही, पण या एका दिवसासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

अशा माणसावर तीन वर्षांपूर्वी जी वेळ आली, ती लिहिताना हात जड होतो. एका सकाळी चहा पिताना सरांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून चहा सांडला. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा लुळा. डोळा मिटेना, गाल लोंबलेला. डॉक्टरांनी धीर दिला की हा मेंदूचा झटका नव्हे, चेहऱ्याची नस सुजली आहे. औषधं घ्या, व्यायाम करा, बरंच सुधारेल. पण पूर्ण सुधारेल, असं ते म्हणाले नाहीत. ज्या ओठांनी पन्नासेक वर्षं बासरी वाजवली, त्यांना आता साधी मेणबत्ती विझवता येईना.

सरांनी भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणायला सुरुवात केली. तरी रामनरेशभाई आणि मी गेलोच. सर तोंडावर रुमाल धरून बसले होते. वहिनींनी चहा आणला, तो त्यांनी आमच्यासमोर घेतला नाही. उच्चार चुकत होते, तरी ते म्हणाले, "मॅडम, वर्ग बंद करा. बासरीवाल्याचं तोंडच गेलं. आता काय शिकवणार?" रामनरेशभाई सहज म्हणाले, "सर, हम लोग जब आए थे, तब हमारा मुँह कौन सा ठीक था? आपने ही तो सीधा किया." वहिनी पदराने डोळे पुसत आत गेल्या. सरांनी रुमाल खाली घेतला नाही, पण वर्ग बंद करा असं पुन्हा म्हणालेही नाहीत.

वर्ग मी चालवू लागले. माझ्या परीने, म्हणजे यथातथाच. आणि काही महिन्यांनी एका शुक्रवारी पाव तासाची शांतता चालू असताना सर आत आले. पुढे, त्यांच्या नेहमीच्या जागी गेले नाहीत. अगदी मागे, नव्यांच्या ओळीत चटईवर बसले आणि म्हणाले, "मी आज नवीन आहे. शिकवा." ज्यांच्यासमोर अजूनही माझी बोटं चाचरतात, त्यांना मी काय शिकवणार? पण ते थट्टा करत नव्हते. ते खरोखर वाट पाहत होते. मी त्यांच्याजवळ गेले, आणि त्यांनी बासरी ओठाला लावली. नुसती हवा. पुन्हा हवा. त्यांचे खांदे वर गेले होते. मी घाबरत म्हटलं, "सर, खांदे." सरांनी ते आज्ञाधारकपणे खाली घेतले.

हे कित्येक शुक्रवार चाललं. सरांइतका चांगला विद्यार्थी मी पाहिला नाही; चिडत नसत, वर बघत नसत, सांगितलं तेवढंच करत. सूर लागला तेव्हा तो कोवळा, चिरका होता आणि शेजारच्या मुलीचा त्याहून बरा होता. वर्गात टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा सरांचाच नियम, म्हणून आम्ही वाजवल्या नाहीत. पुढे या लेखासाठी मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी मला बजावलं, "बासरीने नस बरी झाली असं लिहू नका. नस औषधाने आणि काळाने बरी झाली. बासरीने एवढंच केलं, की मला रोज सकाळी उठून बसायला काम दिलं." सरांच्या सचोटीविषयी मला आणखी काही लिहायची गरज वाटत नाही.

ओठांचा डावा कोपरा मात्र आजही पूर्ण मिटत नाही. तिथून थोडी हवा निसटते आणि सुराबरोबर सुस्स असा बारीक आवाज येतो. वर्गात सर वाजवतात, पण आजारानंतर वर्गाबाहेर चार माणसांसमोर त्यांनी बासरी काढलेली नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात दरवर्षी तेच वाजवत. आता आम्ही वाजवतो आणि ते खांबाआड बसून ऐकतात. ज्यांनी आपली बासरी स्वच्छ ऐकली आहे, त्यांना ही ऐकवून काय करू, असं ते म्हणत. मी रागावून पाहिलं, अजिजी करून पाहिली. समितीने जुनं रेकॉर्डिंग लावायचं सुचवलं, तेव्हा तर मी बैठकीतून उठूनच आले.

गेल्या महिन्यात जे झालं, ते माझ्या रागालोभाने झालं नाही. अंबाडीहून सुनंदाताई नावाच्या एक बाई वर्गाला येतात. त्या वर्षभरापूर्वी आल्या. सरांचं आजारापूर्वीचं वाजवणं त्यांनी ऐकलेलंच नाही. त्यांचा सूर चांगला स्वच्छ लागतो, तरी त्या कष्टी दिसत. ओठ एका बाजूला ओढून काहीतरी करत राहत. सरांनी विचारलं, "ताई, ओठ वाकडे का करता?" त्या संकोचून म्हणाल्या, "सर, माजा सूर तुमच्यासारका येतच न्हाय. तुमच्या सुरात तो सुस्स आवाज हाय ना, वारा आल्यावानी, तो कसा काडाचा तेवडा शिकवा."

मला वाटलं, आता सर उठून जातील. सरांनी हातातली बासरी चटईवर ठेवली. मग म्हणाले, "ताई, ते शिकवता येत नाही. तुमचा सूर सरळ आहे, तो सरळच ठेवा." सुनंदाताई हिरमुसल्या. "पण मला तुमचाच आवडतो," त्या हळूच म्हणाल्या. सरांनी डोळे मिटले, ओठांचा उजवा कोपरा हसला, मागाहून डावाही थोडासा हसला. मग त्यांनी बासरी उचलून सुनंदाताईंसाठी तो एक सूर दीर्घ वाजवला, सगळ्या सुस्काऱ्यासकट.

वर्ग सुटल्यावर पायऱ्यांवर चपला घालताना सर मला म्हणाले, "मॅडम, समितीला सांगा, भाषणं थोडी आवरा. मला दहा मिनिटं लागतील."

तेव्हा विचारणाऱ्या सर्वांना हे उत्तर. रोकडे सर वाजवणार आहेत. त्यांना आणि वहिनींना आरोग्य लाभो, सरांचा श्वास असाच दीर्घ राहो आणि शतकाच्या समारंभालाही त्यांनी आम्हाला चटईवर बसवावं, हीच अल्लाहपाशी माझी दुआ. येणाऱ्यांना एक नम्र विनंती आहे. लवकर या आणि पुढे बसा. सरांचा सूर आता मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाही. उकाडा असेल, तरी ती दहा मिनिटं पंखे बंद राहतील.