मामंजींची शिट्टी

मामंजींना अर्धांगवायू झाला तेव्हा नवरा फौजेत होता आणि दीर दिवसभर उसात. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात राहिले मी. विट्याजवळच्या त्या घरात मी डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते, आणि मामंजी माझ्याशी कामापुरतं बोलायचे, तेही भिंतीकडे बघून. आता त्यांना लघवीचं भांडं मीच द्यायचं होतं.

पण ते हाक मारत नसत. पुढच्या सोप्यात त्यांच्या खाटेभोवती सदा चार माणसं बसलेली. त्यांच्यादेखत सुनेला कसं बोलवायचं? दीर जेवायला येईपर्यंत ते कळ काढत. पुढं तर पाणी पिणंच सोडलं. ताप आला तेव्हा डॉक्टर मला रागावले, "तुमचं लक्ष कुठं असतं?" मला असा संताप आला! डॉक्टरांचा नाही, मामंजींचा. हा माणूस जिवावर बेतलं तरी तोंड उघडणार नव्हता.

लग्नाआधी मी साताऱ्याला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता. अख्ख्या वर्गात एकटी मुलगी. सासरी त्या सर्टिफिकेटचं कुणाला काही नव्हतं, पण गल्लीतले बिघडलेले रेडिओ हळूहळू माझ्याकडे यायला लागले होते. त्या गावात माझा म्हणून जो काही मान होता, तो तेवढाच.

मी एका मोडक्या रेडिओतून ट्रान्झिस्टर आणि कॉइल काढली, दिराकरवी सांगलीहून बेलचं बटण आणवलं आणि सगळं साबणाच्या डबीत बसवलं. बटण दाबलं की स्वयंपाकघरातल्या रेडिओत शिट्टी वाजायची. दोन्हीच्या मध्ये वायर नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, रेडिओ कुरकुरतोय. डबीची एरियल तेवढी मी खिडकीतून अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेला जोडली. शिट्टी वाजली की मी जाऊन म्हणायचं, "मामंजींचं अंग पुसायचंय." माणसं आपसूक उठायची.

डबी त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवली आणि मीही भिंतीकडेच बघून सगळं समजावलं. दोन दिवस रेडिओ गप्प. तिसऱ्या दिवशी शिट्टी वाजली आणि मी हातातली भाकरी तव्यावर टाकून धावले. भाकरी करपली. मला इतका आनंद झाला होता की तीच मी खाल्ली.

आठवड्याभरात शेजारचे काका त्यांचा रेडिओ घेऊन आले. "सूनबाई, ह्यो मधीच शिट्टी मारतोय बघ." मी तो उघडून बसले असताना तो वाजला, आणि त्याच क्षणी चुलीजवळचा आमचाही वाजला. आमच्याकडे रेडिओचा काटा सांगली केंद्रावरून हलत नसे, म्हणून मी शिट्टी तिथंच बसवली होती. गल्लीतले सगळेच काटे सांगलीवर असतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. वर ती वाळवणीची तार शिट्टी घरोघर पोचवत होती!

खरं सांगावं तर मामंजींची लघवी गावभर होणार. मी गप्प बसले, रेडिओ नुसता पुसून परत दिला. आणखी दोन रेडिओ आले, तेही तसेच परत केले. शिट्टी सांगलीवरून हलवायला बाजारच्या दिवशी दीर दुसरी कॉइल आणणार होता, तोवर निभावलं की झालं.

निभावलं नाही. दुसऱ्याच दिवशी काका चालू रेडिओ काखेत धरून सोप्यात आले. चार माणसं होतीच. "आवं, ही बाईमाणसाची कामं न्हवंत. हिनं हात लावला आन् रेडिओ पार बिघडला. आता कुणी हिच्याकडं द्यायचा न्हाई." मी दाराआड उभी होते. डोळे भरून आले, ते पदरानं पुसले.

तेवढ्यात काकांच्या काखेतली शिट्टी वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

"ऐकलास?" मामंजी म्हणाले. आजारानं त्यांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढत होते. त्यांनी डाव्या हातानं साबणाची डबी सगळ्यांसमोर वर धरली. "ती शिट्टी मी मारतोय. मला मुतायला लागलं की ह्ये दाबतो, मग सून येती. तिनं बनवलंय, तिच्या हातानं. तुझ्या रेडिओला काय बी झालं न्हाई."

कुणी हललं नाही. मग ते म्हणाले, "आता उठा रं. खरंच लागलीया."

चौघं उठून गेले. काका गेले नाहीत. त्यांनी रेडिओ बंद करून खाली ठेवला, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि दाराकडे बघून विचारलं, "सूनबाई, भांडं कुठं ठिवलंय? आज मी देतो."

मी सांगितलं, खाटेखाली. मग आत जाऊन पदर तोंडाशी धरून रडले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या घरानं मला आपलं म्हटलं ते त्या दुपारी, आणि तेही अशा शब्दांत!