अजूनरावांची गाडी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला शहरातली सगळी घरं दिसतात, पण नको त्या बाजूने. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की इमारत खालून किती पाणी पिते ते कळतं, आणि गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत चढलं की स्लॅबच्या भेगा कळतात. त्यामुळे अजूनरावांना घर पसंत पडणं मुळातच अवघड होतं. अजूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठलीही जागा बघून झाली की ते "ठीक आहे, पण अजून एक बघू" म्हणायचे, म्हणून कामावरच्या मंडळींनी बहाल केलेली ही पदवी. बायकोने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. तेव्हा तिला खोकला नव्हता.

लग्नानंतर त्यांनी तळमजल्यावरची एक खोली घेतली होती, तात्पुरती म्हणून. पहिल्या वर्षी कपाटामागे घोट्याएवढी ओल होती. मग ती गुडघ्यापर्यंत आली. पुढे कमरेपर्यंत चढली आणि तिच्यावर काळी बुरशी धरली. बायकोचं शिवणाचं मशीन त्याच भिंतीला लागून होतं, कारण खिडकीचा उजेड तेवढ्याच कोपऱ्यात यायचा. लोकांच्या पँटी आखूड करणं, तुटक्या चेनी बदलणं असली कामं ती दिवसभर तिथे बसून करायची. खोकला हळूहळू आला आणि मुक्कामालाच राहिला. दोन कोरडे ठसके, मग एक लांबलचक, विहिरीतून ओढून काढल्यासारखा.

"औषध मी देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण ते तुला देता येतं, खोलीला कसं देऊ? थंडी पडायच्या आत तिथून निघा. नाहीतर ही छाती पुन्हा धड होणार नाही."

अजूनरावांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माणूस बेफिकीर असता तर बायकोने भांडून तरी घेतलं असतं. पण हे तर दर रविवारी सकाळी उठून इमानेइतबारे जागा बघायला निघायचे. तिच्यासाठीच निघायचे. परत येऊन जागेचे दोष सांगायचे, आणि ते दोष खरे असायचे, हाच सगळा घोळ होता.

उरलेला वेळ कॉम्प्युटरवरच्या खेळाचा. खेळ तसा सोपा. नकाशा सगळा काळा, मधल्या चौकोनावर एक बैलगाडी. त्या गाडीत नवं शहर वसवायला निघालेली माणसं. एक खेळी आपली, मग समोरच्या राजांची. आपल्या खेळीला गाडी थोडी सरकवायची, की काळोख थोडा मागे हटतो आणि खालची जमीन दिसते. गाडी थांबवून बटण दाबलं की तिथे शहर वसतं. मग ते कधीच हलवता येत नाही, भोवतालच्या जमिनीवर त्याने जगायचं किंवा मरायचं.

"पहिलं शहर चुकलं की डाव गेलाच समज," अजूनराव म्हणायचे, आणि गाडी पुढे काढायचे.

बायको तोंडात टाचण्या धरून मागे उभी राहायची. एकदा तिने त्या काढून हातात घेतल्या.

"अहो, इथे काय वाईट आहे? नदी आहे, कुरण आहे."

"टेकडी कुठाय? शत्रू आला तर?"

पुढे टेकडी मिळाली, तर नदी दूर पडली. दोन्ही मिळालं, तर जंगल नव्हतं. तोवर समोरच्या राजांनी आपापली शहरं वसवून शेतीसुद्धा सुरू केली होती.

"आणि त्या गाडीतली माणसं?" तिने विचारलं. "ती राहतात कुठे तोवर?"

"गाडीतच की! खेळातली माणसं, त्यांना काय होतंय!"

ते हसत म्हणाले. पुढच्याच खेळीला काळोखातून लुटारू निघाले आणि गाडी नाहीशी झाली. अजूनरावांनी जीभ चावली, नवा नकाशा घेतला. तिला मात्र कितीतरी वेळ तो रिकामा चौकोनच दिसत राहिला.

मग एका रविवारी ते तिलाही घेऊन गेले. तिसरा मजला, मागच्या गल्लीत उघडणारी खिडकी, सकाळचं ऊन. घरमालकीण काकू एकट्या, बोलायला सोबत हवी म्हणून भाडेकरू शोधत होत्या. अजूनरावांनी लिफ्टमधूनच नाक मुरडलं होतं. लिफ्ट मजल्याच्या बोटभर वर थांबत होती. दोर बदलायला झाले होते. शिवाय दुपारनंतर खोलीत ऊन नाही. तिने भिंतीवर तळवा फिरवला. तळवा कोरडा होता. तोच तिने गालाला लावून बघितला.

"ठीक आहे," बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "पण अजून एक बघू."

सकाळी अंगणातला गारवा बोचायला लागला होता. त्या आठवड्यात एका दुपारी खोकून खोकून तिच्या हातातली सुई कापडाऐवजी बोटात गेली. तिने काम बाजूला ठेवलं आणि कॉम्प्युटर लावला. गाडी पहिल्या चौकोनावर उभी होती, भोवती साधं पिवळट गवत. टेकडी नाही, जंगल नाही, नदीही नाही. तिने गाडी हलवलीच नाही. बटण दाबलं. चार घरं उगवली. एकदा दुष्काळ पडला, एकदा लुटारू आले आणि मार खाऊन परत गेले. शहर काही डोळे दिपवणारं झालं नाही, पण नकाशावर टिकून राहिलं. मग तिने चप्पल घातली आणि काकूंकडे जाऊन आली.

"हे काय गं करून ठेवलंस?" संध्याकाळी अजूनराव कपाळाला हात लावून म्हणाले. "अशा जागी कोणी शहर वसवतं का?"

"मी वसवलं," ती म्हणाली. "आणि काकूंना होकार देऊन आले. रविवारी जायचंय."

ते चिडले नाहीत, हे तिला जास्त लागलं. त्यांनी तिचं मशीन स्वतः तीन मजले वर नेलं. काकूंच्या लिफ्टचे दोर बदलले, ती मजल्याला अगदी बरोबर थांबेल अशी करून दिली. आणि मग दारातच उभे राहिले.

"तू राहा. मी ती खोली ठेवतो थोडे दिवस. दोन-तीन जागा बघायच्या राहिल्यात. झकास मिळाली की तुला इथून हलवतोच."

तिला वाटलं, आठवड्यात कंटाळून येतील.

थंडी पडली. तिचा खोकला महिनाभरात गेला, आणि गेला याचीच तिला भीती वाटायला लागली. अजूनराव दर रविवारी यायचे, जेवायचे, नव्या जागांचे दोष सांगायचे. त्यांच्या स्वेटरला त्या खोलीचा वास यायचा.

"भिंत कुठवर आली?" ती विचारायची.

"भिंतीकडे बघतंय कोण! तुझ्या मशीनची जागा मोकळी झाली ना, तिथे कॉम्प्युटरचं टेबल सरकवलंय. छान उजेड येतो."

ती चिडली, रडली, एकदा तर तिने त्यांची पिशवी लपवून ठेवली. ते तिची समजूत काढायचे आणि परत जायचे.

पुढच्या एका रविवारी ती खिडकीशी बसून कोणाची तरी पँट आखूड करत होती. खाली लिफ्टचं दार लागलं, मोटर गुरगुरली. आणि लिफ्टबरोबर काहीतरी वर यायला लागलं. दोन कोरडे ठसके, मग एक लांबलचक, ओढून काढल्यासारखा. तिने मशीनचं चाक हाताने धरलं. तो खोकला कोणी दुसऱ्याने ओळखला नसता. तिच्या छातीत तो इतके दिवस राहून गेला होता. पहिल्या मजल्यावरून आला, दुसऱ्यावरून आला. लिफ्ट मजल्याला अगदी बरोबर थांबली.

तिने दार उघडलं. अजूनराव हसत उभे होते, डोळ्यांत पाणी तरारलेलं.

"आज परत जायचं नाही," ती म्हणाली. तिने त्यांची बाही धरली. बाही ओलसर लागली.

"अगं, राहतो की. फक्त पुढच्या आठवड्यात अजून एक..." ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य खोकल्याने घेतलं.