त्रिशूळ धरायला कोणी नव्हतं

आमच्या घरात कॉलेज शिकलेला पहिला माणूस मी. रोहण्याहून आर्वीला एसटीत उभ्यानं जाऊन-येऊन, रात्री जागून बी.एस्सी. झालो. आईनं मात्र परस्पर सातपुड्यातल्या चौरागडच्या महादेवाला बोलून ठेवलं होतं: पोरगा पास झाला तर त्रिशूळ वाहीन, तो स्वतःच्या पायांच्या बळावर नेईल आणि वाटेत जमिनीला टेकवणार नाही. अभ्यास माझा अन् श्रेय महादेवाला! मला ते पटेना, आणि नवस तसाच राहिला.

यंदा आईच्या पित्ताशयात खडे निघाले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला, उशीर करू नका म्हणाले. आई अडून बसली. "त्रिशूळ वरतं पोचल्याचा फोन आल्याबिगर मले कोणी हात लावू नोका." मी कागदावर पित्ताशय काढून समजावलं. "ते तुया कालेजात सांगजो," म्हणाली. पायी जायला तेवढे दिवस नव्हते, म्हणून शेवटी तडजोड सायकलवर झाली. लांब सायकल मारायची मला सवय आहेच. आई म्हणाली, "पायडल पायानंच मारतेत ना? मंग चालते."

छातीएवढ्या उंचीचा तो लोखंडी त्रिशूळ सायकलच्या दांड्याला बांधून मी निघालो. बरोबर येणारा चुलतभाऊ ऐनवेळी फिरला. मुक्कामाला खाटेवर त्रिशूळ झोपायचा आणि खाली फरशीवर मी. आईचं ऑपरेशन उद्या दुपारी, म्हणजे आज संध्याकाळी गडाजवळची पचमढी गाठायची आणि पहाटे गड चढायचा, असा हिशेब करून तामियाहून निघालो. महाशिवरात्रीचा गडावरचा मेळा केव्हाच सरला होता. घाटात माकडांशिवाय कोणी नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि एका वळणावर मागचं चाक फुस्स झालं.

पंक्चर काढणं मला नवीन नाही. पण सायकल उलटी करायची तर त्रिशूळ सोडायला हवा, आणि सोडला तर ठेवू कुठं? झाडाच्या बेचक्यात अडकवून पाहिला, तो घसरून माझ्याच पायावर आला. खांद्यावर घेऊन एका हातानं चाक काढायला गेलो, तर सायकल अंगावर पडली. ऊन डोक्यावर आलं तरी मी तिथंच. शेवटी माझं डोकं फिरलं. "महादेवा, पाहिजे तुला, अन् हाल माझे? घे, धर आता तूच!" मी डोंगराकडे पाहून ओरडलो.

"किस पे चिल्ला रहा है रे?" मागून आवाज आला. खालच्या पायवाटेनं एक म्हातारी बाई वर आली होती, डोक्यावर गाठोडं, बहुतेक तिथल्याच गोंड वस्तीतली. मी म्हटलं, "महादेव पे." ती म्हणाली, "गला मत फाड़. वो बहरा नहीं है." मी सगळं सांगितलं. तिनं गाठोडं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि त्रिशूळ माझ्याकडून घेतला. ती छिंदवाड्याला लेकीकडे निघाली होती, बसची वाट पाहायची होती.

मी ट्यूबला ठिगळ लावलं, चाक बसवलं, हवा भरली. परत फुस्स. काटा टायरमध्येच राहिला होता आणि मी टायर तपासलाच नव्हता. "तेरा चाक है कि चलनी?" बाई वैतागून म्हणाली. पुन्हा सगळं खोललं, आणि नेमकी तेव्हाच तिची बस आली.

माझे हात सोल्युशननं भरलेले. मी म्हटलं, "रख दो नीचे, अम्मा. बस पकड़ो." आईशी काय ते मी बोलून घेईन, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. ती माझ्यावरच खेकसली, "तेरी माँ ने क्या बोला था?" कंडक्टर दारातून ओरडला, "अम्मा, चढ़ना है कि नहीं?" "दिखता नहीं, हाथ में क्या है?" ड्रायव्हरनं त्रिशुळाला हात जोडले आणि बस गेली.

चाक झाल्यावर तिनं स्वतः त्रिशूळ दांड्यावर धरला, मी दोरी आवळली. मी पाया पडलो तर म्हणाली, "बस हो गया, निकल. माँ रुकी है तेरी." तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. त्या दिवशी दुसरी बस होती की नाही, तेही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर त्रिशूळ वाहिला आणि फोन लावला. "पोचला," मी म्हटलं. "बरं झालं बाप्पा," आई म्हणाली, आणि दवाखान्यातल्याच कोणाला तरी सांगितलं, "चला बाई, न्या मले आता." दुपारी ऑपरेशन नीट झालं.

ती बाई कोण, कोणी पाठवली, यावर मी वाद घालत नाही. मी ओरडलो आणि हात आले, एवढं खरं. परतीच्या चढावर मात्र एक गोष्ट मनातून जाईना. हिवाळी परीक्षेच्या दिवसांत मी पुस्तक घेऊन बसायचो, तेव्हा माझ्या वाट्याचा कापूस आई वेचायची. ती मेहनत मी माझ्या पदवीत कधी धरलीच नव्हती. आता अडलं की महादेवाला सांगतो, माझ्याच्यानं होते ते मी करतो, बाकीचं कोणाच्याही हाती दे. आणि दुसऱ्याचं धरायची पाळी माझ्यावर आली, तर मला उभं राहू दे, बस निघून गेली तरी.