कोरियन शाळेच्या दारात राखलेली लाज

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये दर शनिवारी मी मराठी शिकवते. समोरच्याच वर्गात कोरियन शाळा भरते. कोरियाहून नोकरीसाठी दोन-तीन वर्षं आलेल्यांची मुलं तिथे मायदेशाचीच पुस्तकं शिकतात, परत गेल्यावर अडायला नको म्हणून.

आज तिथल्या बाईंसमोर आपल्यातलीच एक आई लेकीला सोबत घेऊन तिची ॲडमिशन मागत होती. जानेवारीत तिनंच लेकीला माझ्या वर्गातून काढलं होतं, "खूप लोड होतो गं तिला" म्हणून. आता लेक कोरियन सिरीयल बघते ना.

बाईंनी विचारलं, "घरी कोरियन बोलता?"

"नाही, इंग्लिश."

"मग तुमची स्वतःची भाषा ती कुठे शिकते?"

त्या आईनं हसत माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्याकडे."

बाईंनी माझ्याकडे बघून आदरानं मान झुकवली. आणि मीही झुकवली. आपल्या माणसाची लाज राखायची सवय, दुसरं काय.

कोरियन शिकायला माझी ना नाही. पण लेक आईकडे आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं.

शिकवणारी मी, आणि आज तिला शिकवलं काय?