मुळ्ये सरांचा खलनायक

मुळ्ये सर वर्गात शिरले की वर्गातला गोंगाट वाढायचा. बाकीच्या शिक्षकांच्या बाबतीत जगभर उलटं घडतं, पण सरांना बघितलं की पोरांना बोलायची उबळच यायची. "सर, आमची म्हैस व्याली," "सर, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय," "सर, आज गणित नको ना." सर खडू हातात घेऊन सगळं ऐकून घ्यायचे, म्हशीची चौकशी करायचे आणि मग त्या गोंगाटातच भूमिती शिकवायचे. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायचे. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असे. पोरं मला मागून वाघीण म्हणतात हे मला ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं. मुळ्ये सरांना पोरांनी ठेवलेलं नाव होतं बर्फी.

रत्नागिरीतली ती शाळा सुटली तरी आमचा शेजार संपत नसे, कारण खाडीपलीकडच्या भाट्याला आमची घरंही कुंपणाला कुंपण लावून होती. त्यामुळे सरांचं हे न घाबरवणं मी दोन्हीकडे बघितलंय. एकदा भरदुपारी त्यांच्या माडावर नारळचोर चढला. सुधावहिनी, म्हणजे सरांची बायको, ओरडत बाहेर आल्या. "अहो, दरडावा त्याला! नुसते बघत काय उभे राहिलात!" सरांनी घसा साफ केला, मान वर केली आणि दरडावलं, "अरे, हळू उतर रे बाबा, शेवाळ आहे तिथं!" चोर हळू उतरला, नारळ घेतले आणि "येतो सर" म्हणून गेला. शाळेचा माजी विद्यार्थी होता मेला.

सर निवृत्तीला आले त्या सुमाराची गोष्ट, दोन हजार तीन-चार साल असेल. शाळेत शिस्त समिती नेमायची होती. ज्येष्ठतेने मान सरांचा होता. पण मुख्याध्यापकांनी भर स्टाफरूममध्ये सांगितलं, "मुळ्ये, तुम्ही राहू द्या. तुम्हाला मांजरसुद्धा घाबरत नाही." सगळे हसले. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. संध्याकाळी आमची बस भाट्याच्या पुलाला लागली. पुलावर म्हणाले, "बाई, तुम्हाला बघून पोरं दचकतात, तेव्हा कसं वाटतं हो?"

"छान वाटतं," मी म्हटलं.

"मला एकदा बघायचंय. एकदाच. कुणीतरी मला बघून दचकलं पाहिजे, किंचाळलं पाहिजे. मग मी सुखाने निवृत्त होईन."

आता हे काय खूळ, असं मला वाटलं. मी त्यांना डोळे वटारायला शिकवून बघितलं. त्यांनी वटारले की डोळ्यात काहीतरी गेलंय असं वाटून समोरचा फुंकर घालायला यायचा.

त्याच दिवसांत गावात एक इंग्रजी सिनेमा लागला होता, हिंदीत बोलणारा. त्यात उडणारा नायक होता, पण नववीतली पोरं बोलत होती ती खलनायकाबद्दल. तो पडद्यावर आला की थेटरात किंकाळ्या फुटतात म्हणे. सर दुसऱ्याच दिवशी जाऊन बसले. पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघून आले.

"बाई, गंमत अशी आहे की तो काहीच करत नाही! नुसता येऊन उभा राहतो. सगळी भीती पोशाखात आहे. मग तो पोशाख मी घातला, तर भीती कुठं जाईल?"

"समोरचा हसेल, दुसरं काय."

"हसेल, कारण लोक समरूप पोशाख करतात. साधारण तसा, थोडा लहान, थोडा मोठा. समरूप नको, एकरूप हवा. दोन त्रिकोण एकरूप असले की त्यांचं सगळंच एकरूप असतं. सिद्ध करायची गरजच नाही." सरांची ही समरूप-एकरूपची तराजू सगळीकडे चाले. वहिनींची आमटी त्यांच्या आईच्या आमटीशी समरूप होती, एकरूप नव्हती, आणि हे त्यांनी वहिनींना सांगितलंही होतं. मग दोन दिवस आमटी झाली नाही.

शिमग्याला आमच्या वाडीचं मंडळ सुरूच्या बनाजवळ मांडव घालून वेशभूषा स्पर्धा घ्यायचं. लहान-मोठे कुणीही भाग घ्यावा. सरांनी नाव दिलं आणि कामाला लागले.

त्यांनी त्या सिनेमाची सीडी आणली. रविवारी सकाळी टीव्हीवर खलनायक थांबवून ठेवायचा आणि काचेवर पातळ कागद चिकटवून त्याला गिरवायचा. चित्र थरथरायचं, सर कागद धरून त्याच्याबरोबर थरथरायचे. मग प्रमाण काढून गिरवलेलं आपल्या मापात मोठं करायचं. टीव्हीची काच फुगीर होती. म्हणून पहिलं शिरस्त्राण पोटात फुगलं. ते वहिनींनी कोंबडी झाकायला घेतलं. सरांनी काचेच्या फुगीरपणाचं गणित मांडून दुसरं केलं.

ते शिरस्त्राण म्हणजे उंच, निमुळतं, काळं प्रकरण होतं, पुढे चेहरा झाकणारा मुखवटाही त्यालाच जोडलेला. सिनेमात ते कुठल्याशा परग्रहावरच्या धातूचं होतं. भाट्याला तो धातू मिळत नसल्यामुळे सरांनी पोफळीच्या विऱ्या घेतल्या. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीच्या बुडाशी असते ती चामड्यासारखी पट्टी. ती भिजवून वाकवली, वर चिंचोक्याच्या खळीत कागदाचा लगदा थापला. वाळवी लागू नये म्हणून आत काजूच्या टरफलांचं तेल फासलं आणि ते पुरतं वाळायच्या आत डोक्यावर घालून बघितलं. बोंबला! ते तेल कातडीला लागलं की काय होतं, हे कोकणात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. दुसऱ्या दिवशी सरांचं कपाळ लालबुंद सुजलेलं, एक डोळा बंद. मला आतून वाटलं, चला, आज तरी वर्ग घाबरेल. कसलं काय! पहिल्या बाकावरच्या मुलीने डब्यातली सोलकढी काढून दिली, "सर, हे लावा, आजी लावते." मागच्या बाकावरचा दांडगट स्वतः फळा पुसायला उठला.

अंगावरचा पायघोळ झगा सिनेमात चकचकीत काळा होता. सरांनी त्यासाठी सगळ्या स्टाफच्या मोडक्या छत्र्या गोळा केल्या, काड्या काढल्या आणि कापड वहिनींच्या मशीनवर स्वतः शिवलं. त्या खलनायकाच्या हनुवटीपासून छातीपर्यंत रुपेरी तारांची झालर होती. ती घायपाताच्या पानांतून निघणाऱ्या पांढऱ्या वाखाची, म्हणजे धाग्यांची केली. कमरेच्या पट्ट्यावर खुळखुळणाऱ्या चकत्या होत्या, त्या सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकून. हातात साखळीचा आसूड होता, तो विहिरीच्या दोराला काळा रंग देऊन. एकेक वस्तू तयार झाली की सर ती कुंपणावरून मला दाखवायचे आणि विचारायचे, "एकरूप?" आणि खरंच सांगते, होती. टीव्ही बघावा की कुंपण, असं वाटायचं.

वहिनी मात्र झग्याकडे बघून, मग झालरीकडे बघून कपाळाला आठ्या घालायच्या. "अहो, हे मी कुठंतरी बघितलंय."

"अगं, सीडीत बघितलंस."

"सीडीत नव्हे हो..."

"सुधा, मध्ये बोलू नकोस. माप चुकतं."

आम्ही सगळे कोकणात जन्मलेले, शिमगे बघत वाढलेले. पण वस्तू सुट्या सुट्या बघितल्या आणि डोक्यात इंग्रजी सिनेमा, त्यामुळे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. ते आलं स्पर्धेच्या दिवशी, सरांनी सगळं एकदम अंगावर चढवलं आणि मागच्या दाराने अंगणात आले तेव्हा. मी कुंपणाशी उभी होते. वहिनी ओरडल्या.

"अगो बाई! हा तर संकासुर!"

ज्यांनी आमच्याकडचा शिमगा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. शिमग्यात खेडोपाडीचे खेळे नाचत दारोदार येतात, त्यांच्यात संकासुर असतो. पायघोळ काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, काळ्या मुखवट्याला लांब पांढरी दाढी, कमरेला खुळखुळणारे घुंगरू, हातात दोर. नावाने असुर, पण लोक त्याला देव मानतात, नवस बोलतात, पोरं त्याच्या पायावर घालतात. परग्रहावरचा तो खलनायक कुणी शिवला होता देव जाणे, पण त्याचं माहेर आमच्याच तालुक्यात निघालं.

"काढा ते," मी म्हटलं.

"का? एकरूप आहे!" मुखवट्यातून सरांचा आवाज घुमला. "बाई, आज कुणीतरी किंचाळणार." आणि कमरेची बुचं खुळखुळवत ते फाटकाबाहेर पडले. मी आणि वहिनी मागोमाग धावलो.

फाटकाशी त्यांचं कुत्रं शेपूट हलवत आलं. वळणावर एक म्हातारा मासे घेऊन येत होता. सरांनी आसूड उगारला. म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवली, पायातल्या वहाणा काढल्या आणि रस्त्यात डोकं टेकलं. पुढच्या वाडीतल्या बायका दारात ताट घेऊन पालखीची वाट बघत होत्या. सर त्यांच्यापुढे जाऊन नुसते उभे राहिले, सिनेमात तो राहतो तसे. बायकांनी ओवाळलं. छत्रीच्या कापडावर हळद-कुंकू पडलं, हातात नारळ आला. सर मागे वळून आमच्याकडे बघत होते. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नव्हता, पण खांदे पडलेले दिसत होते.

तेवढ्यात एक तरुण बाई पोर घेऊन पुढे झाली. पोर रडून रडून काळंनिळं झालेलं. "देवा, माज्या पोराच्या डोक्यावर हात ठेव. झोपंत दचाकतो, सगळ्या वाडीला जागा ठेवतो. हात ठेव बाबा."

सर काही बोलणार होते. मग त्यांनी आसूड काखेत मारला, पोराला उचलून खांद्यावर घेतलं आणि थोपटायला लागले. ते पोर त्या वाखाच्या दाढीत मूठ घालून झोपून गेलं. सरांच्या हातचं पोर झोपणार नाही तर काय होईल! पण त्या माउलीने तिथेच हात जोडले आणि सगळ्या बायकांची रांग लागली.

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा स्पर्धा संपत आली होती. परीक्षकांनी सरांना बघितलं मात्र, उठून नमस्कार केला आणि पहिलं बक्षीस जाहीर केलं, पारंपरिक वेशभूषा विभागात.

"अहो, हा इंग्रजी सिनेमातला आहे!" सर शिरस्त्राण काढून ओरडले. "परग्रहावरचा आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चार दिवस सर कुणाशी बोलले नाहीत. वहिनींनी आमटी त्यांच्या आईसारखी करून बघितली, तरी नाही. मग एका संध्याकाळी ती तरुण बाई पोराला कडेवर घेऊन, नारळ घेऊन त्यांच्या ओटीवर आली. पोर आता रात्रभर झोपत होतं. सर कळवळून म्हणाले, "बाई गं, मी संकासुर नाही. मी गणिताचा मास्तर आहे. तो झगा छत्र्यांचा आहे."

"आसूं दे," ती म्हणाली. "फुडल्या शिमग्याला येवा. मी नवस बोल्लंय."

आता नवस बोललेला! नाही कसं म्हणणार? सर पुढच्या शिमग्याला गेले. त्याच्या पुढच्याही. निवृत्तीनंतर तर दूरदूरच्या वाड्यांतून बोलावणी यायला लागली. सर दर वर्षी झगा दुरुस्त करायचे, वाख बदलायचे आणि निघताना कुंपणाशी थांबून मला म्हणायचे, "बाई, बघू या. यंदा एखादा दचकेल." नाही दचकला कुणी. पोरं झोपवून, अंगभर कुंकू घेऊन परत यायचे. एकदा विचारलं मी, वाईट वाटतं का हो? म्हणाले, "वाटतं की. पण त्या पोरांना खांद्यावर घेतलं ना, की तेवढ्यापुरतं विसरायला होतं."

दोन हजार आठच्या पावसाळ्यात सर गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. शाळेची इतकी पोरं आली होती की भाट्याचा पूल भरला होता आणि खोटं नाही सांगत, सगळी एकदम बोलत होती. वहिनींनी तो पोशाख वाडीच्या मंडळाला देऊन टाकला. घरात ठेवून काय करू, म्हणाल्या.

पुढचा शिमगा आला. ढोल वाजत आमच्या आळीत शिरले आणि मी सवयीने ताट घेऊन फाटकाशी गेले. काळा झगा, उंच शिरस्त्राण, बुचांचा खुळखुळाट. सर नाहीत हे मला माहीत नव्हतं का? स्मशानात मी स्वतः उभी होते. पण तो पोशाख समोर येऊन उभा राहिला, नुसता उभा, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "या सर."

शिरस्त्राण खाली वाकलं. मुखवट्याच्या दोन भोकांतून भलतेच डोळे माझ्याकडे बघत होते.

मी किंचाळले. ताट हातातून सुटलं, निरांजन गडगडत गटारात गेलं. ढोल थांबले. आतला पोरगा, वाडीतलाच कुणी, मुखवटा वर करून "बाई, मी, मी!" करत राहिला, पण मला रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. सबंध शाळा जिला घाबरायची ती मी, भररस्त्यात रडत उभी.

वहिनी कुंपणापलीकडून आल्या. माझा हात घट्ट धरला. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती आणि तरी त्या हसत होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "एकदाचं कुणीतरी घाबरलं हो. आणि बघायला हे नाहीत!"